पुरवठा साखळीतील नेतृत्वाचा अनुभव गावच्या आरोग्यसेवेत कसा वापरावा?

झुआरीकाठ

नमस्कार. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीतून पुरवठा साखळी विभागाचा प्रमुख म्हणून मी निवृत्त झालो आहे. न्हावा-शेवा बंदरात उतरलेला कच्चा माल वेर्ण्यापर्यंत आणणे, मागणीचा अंदाज आणि उत्पादनाचे वेळापत्रक यांचा मेळ घालणे, तयार माल ठरल्या दिवशी वितरकांच्या गोदामांत पोहोचवणे, आणि हे सर्व करताना खरेदी, उत्पादन, गुणवत्ता व विक्री या चार विभागांच्या चार तऱ्हा सांभाळणे, हेच माझे नोकरीभराचे काम होते.

आमचे मूळ घर सत्तरी तालुक्यात आहे. तेथील एक लहानशी विश्वस्त संस्था आठवड्यातून एकदा दवाखाना चालवते. रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसे असा तिचा मुख्य वर्ग आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राशी संस्थेचे संबंध चांगले आहेत. ‘औषधांची व्यवस्था तुम्ही पाहा,’ असे विश्वस्तांनी मला सुचवले आहे. मी पाहिले तेव्हा स्थिती अशी होती : काही गोळ्या वर्षभर पुरतील इतक्या पडून आहेत, काही मुदत उलटून गेलेल्या आहेत, आणि ज्या गोळ्या बहुतेक रुग्णांना रोज लागतात त्याच नेमक्या दर दोन-तीन महिन्यांनी संपतात. त्या संपल्या की रुग्ण बसने वाळपईला जातो, तेथेही त्या दिवशी त्या नसल्या तर रिकाम्या हाताने परततो.

माझ्या मनात पहिला आराखडा आला तो साहजिकच माझ्या पूर्वीच्या कामातला होता : साठ्याच्या नोंदीसाठी संगणक प्रणाली, पेट्यांवर बारकोड, शीतकपाटात तापमान नोंदवणारे यंत्र, आणि दरमहा आढावा बैठक. परंतु आरोग्यसेवेचे क्षेत्र मला आतून ठाऊक नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारतो : माझ्या अनुभवातील कोणता भाग येथे खरोखर उपयोगी पडेल, कोणता भाग कारखान्याच्या फाटकाशीच ठेवून यावा, आणि जी माणसे माझ्या हाताखाली नाहीत, ज्यांना मी पगार देत नाही व ज्यांची बढती माझ्या हातात नाही, अशा माणसांबरोबर हे काम पुढे कसे न्यावे?

माटोळी

मी सरकारी आरोग्य केंद्रांत औषधनिर्माता म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने उत्तर देतो. संगणक प्रणालीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ती वाईट असते म्हणून नव्हे, तर तिच्यात भरायचे आकडेच आज आपल्याकडे खरे नाहीत म्हणून.

कारखान्यातला आणि येथला मोठा फरक तुटवड्याच्या आवाजात आहे. आपल्या कंपनीत एखादा माल कमी पडला की वितरकाचा फोन येतो, विक्री विभाग ओरडतो, वरिष्ठ जाब विचारतात. गावातल्या दवाखान्यात अमलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी संपली तर कोणीही ओरडत नाही. म्हातारी माणसे मान डोलावतात, घरी जातात आणि गोळी घेणे बंद करतात. रक्तदाब वाढल्याचे अंगाला कळत नाही, त्यामुळे तक्रार करायला ती परत येत नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्यापैकी एखाद्याला अर्धांगवायूचा झटका येतो आणि त्याला १०८ च्या गाडीतून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेले जाते. त्या घटनेचा आणि आपल्या कपाटातील रिकाम्या खणाचा संबंध कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. तेव्हा आपल्या अनुभवातून काही एकच आणायचे असेल, तर हा मुका तुटवडा कागदावर दिसू लागेल अशी शिस्त आणा.

त्यासाठी दोन नोंदी पुरेशा आहेत. पहिली नोंद अशी की, प्रत्येक मुख्य औषध किती दिवस अजिबात उपलब्ध नव्हते. दुसरी अशी की, त्या दिवशी आलेल्या रुग्णांपैकी किती जण चिठ्ठीवरची सर्व औषधे, पूर्ण मुदतीची, घेऊन गेले. ‘अर्धी घ्या, बाकीची पुढच्या आठवड्यात,’ असे सांगून पाठवलेला रुग्ण या दुसऱ्या हिशेबात अपयश म्हणूनच धरावा.

पहिल्या नोंदीचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, दवाखान्यात रक्तदाबाचे २०० नियमित रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी लागते, म्हणजे महिन्याची गरज ६,००० गोळ्यांची झाली. साठा मात्र ३० दिवसांपैकी १८ दिवसच होता आणि त्या काळात ३,६०० गोळ्या गेल्या. वहीत खप ३,६०० दिसतो. पुढचे मागणीपत्र त्या खपावर तयार झाले तर तुटवडा कायमचा पक्का होतो, कारण कमी मिळाले म्हणून कमी खपले आणि कमी खपले म्हणून कमी मागवले, असे ते चक्र फिरत राहते. योग्य रीत अशी की, खपाला साठा असलेल्या दिवसांनी भागावे आणि एकूण दिवसांनी गुणावे : ३,६०० भागिले १८ गुणिले ३०, म्हणजे पुन्हा ६,०००. रुग्णाला महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या जात असल्यामुळे एका महिन्याच्या आकड्यांवर हे गणित फसवे ठरते. ते निदान सहा महिन्यांच्या नोंदीवर करावे.

याची दुसरी बाजू आपण कंपनीत पाहिली असेलच. एकदा तुटवड्याचा अनुभव आला की केंद्र पुढच्या वेळी गरजेच्या दुप्पट मागते. वरच्या भांडारात बसलेला अधिकारी सर्वांचीच मागणी फुगलेली आहे हे ओळखतो आणि सरसकट निम्म्यावर आणतो. मग ज्याने प्रामाणिकपणे मागितले तोच उपाशी राहतो आणि पुढच्या खेपेस तोही चौपट मागायला शिकतो. खालची छोटी लाट वर जाता जाता मोठी होते ती अशी. एका खणात मुदतबाह्य औषध आणि शेजारच्या खणात रिकामी जागा, हे आपण पाहिलेले दृश्य बहुतेक याच खेळातून तयार झालेले असते. त्यात कोणाचा आळस शोधत बसू नये. यावर उपाय म्हणजे मागणीपत्रासोबत हातातला साठा, रुग्णसंख्या आणि तुटवड्याचे दिवस हे तीनही आकडे पाठवणे. आकड्यांसह आलेली मागणी कापताना समोरच्याचा हात थोडा तरी अडखळतो, असा माझा अनुभव आहे.

या बाबतीत तामिळनाडूचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९९४ साली त्या राज्याने सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. मर्यादित यादी, एकत्रित खरेदी, जिल्हा गोदामे, प्रयोगशाळेतील तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक, अशी ती रचना होती. पासबुकात त्या रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असे आणि त्या मर्यादेत, यादीतील कोणते औषध किती उचलायचे हे रुग्णालय ठरवी. पुढे राजस्थाननेही २०११ मध्ये याच धर्तीवर महामंडळ उभारले. आपल्या एका कपाटाच्या दवाखान्याला महामंडळाची गरज नाही हे खरे, परंतु गरज ठरवण्याचा अधिकार रुग्णाच्या जवळ बसलेल्याकडे ठेवणे आणि खरेदीची ताकद एका जागी आणणे, ही त्यामागची दृष्टी लहान संस्थेलाही लागू पडते.

खपावर आधारलेले गणित सर्व औषधांना लावू नका. सत्तरीत आहात म्हणून सर्पदंशाचे उदाहरण देतो. गेल्या वर्षी एखाद्या केंद्रात सर्पदंशाचा रुग्ण आलाच नाही, म्हणून यंदा प्रतिविषाची गरज शून्य, असे म्हणता येत नाही. विषबाधेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या द्याव्या लागतात, आणि तेवढ्या कुप्या जवळच्या सुसज्ज केंद्रात नसतील तर गोदामात त्या हजारांनी असून उपयोग नाही. अशा औषधांचा साठा खपावरून न ठरवता एका रुग्णाच्या गरजेवरून ठरवायचा असतो. मुदत संपत आली की त्या कुप्या मोठ्या रुग्णालयात, जेथे त्या नक्की वापरल्या जातील, पाठवायच्या आणि बदल्यात ताज्या कुप्या खाली आणायच्या. पावडर स्वरूपातील प्रतिविष शीतकपाटाविना टिकते, त्यामुळे ही अदलाबदल तुलनेने सोपी आहे. प्रतिविष देणे हे डॉक्टर व सोयी असलेल्या केंद्राचे काम आहे, आपल्या साप्ताहिक दवाखान्याचे नव्हे. आपल्या दवाखान्याने तालुक्यात ते आज कोठे उपलब्ध आहे एवढे मात्र नेहमी ठाऊक ठेवावे.

लसींकडे आपण वळू नये असे मी सुचवीन. सरकारी साखळीतील सर्वांत चांगला सांभाळलेला भाग तोच आहे. दोन ते आठ अंश तापमान राखणारी बर्फ-अस्तराची शीतकपाटे, कुपीवरचे उष्णतादर्शक चिन्ह, आणि साठा व तापमान दाखवणारी ईविन प्रणाली हे सर्व तेथे आधीपासून आहे.

शेवटी कायद्याची बाजू. औषधे साठवणे आणि देणे हे नोंदणीकृत डॉक्टर किंवा औषधनिर्माता यांच्या जबाबदारीनेच व्हावे, आणि आपल्या व्यवस्थेला परवाना लागतो का, हे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी विचारून घ्यावे. लोकांच्या घरातील उरलेल्या गोळ्या देणगी म्हणून मुळीच स्वीकारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तशा औषधांना मनाई आहे, आणि दान केलेल्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी अशी सर्वसाधारण अपेक्षा आहे. आपल्या जुन्या क्षेत्रातील स्नेही ‘चार महिने मुदत उरलेला माल पाठवतो,’ असे प्रेमाने म्हणतील. त्यांना नकार देण्याचे काम आपल्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

सुरंगी

मी सार्वजनिक आरोग्य परिचारिका आहे आणि घरभेटी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. माटोळीबाबांनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, परंतु त्यांची साखळी खिडकीशी संपते. माझ्या दृष्टीने ती रुग्णाच्या घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीशी संपते.

त्या पिशवीत काय असते ते एकदा मांडून पाहा. गोमेकॉच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या, आरोग्य केंद्राच्या गोळ्या, खाजगी डॉक्टरांनी लिहिलेल्या वेगळ्या नावाच्या गोळ्या, मुंबईहून मुलाने आणलेल्या गोळ्या, आणि शेजारणीने ‘मला लागू पडल्या’ म्हणून दिलेल्या गोळ्या. एकच औषध दोन व्यापारी नावांनी असते आणि रुग्ण दोन्ही घेत असतो, किंवा रंग बदलला म्हणून नवी पट्टी तशीच ठेवून जुनी संपेपर्यंत वाट पाहत असतो. हाही साठाच आहे, फक्त तो कोणाच्याच वहीत नाही. आपण कंपनीत जी प्रत्यक्ष मोजणी करवून घेत असाल, ती येथे घरोघर, रुग्णाच्या संमतीने आणि परिचारिकेच्या सोबतीने करण्यासारखी आहे. गोळ्या बदलण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असावा. आपण फक्त यादी करून ती त्यांच्यापुढे ठेवावी.

देशभर आशा कार्यकर्त्यांची योजना उभी राहिली तेव्हा गोवा तिच्याबाहेर राहिला, हे लक्षात ठेवून आखणी करा. परराज्यांतील आरोग्य प्रकल्पांची मांडणी वाचताना प्रत्येक गावात एक आशा आहे असे गृहीत धरलेले असते. ती मांडणी येथे जशीच्या तशी उतरवायला गेलात तर घरभेटीचे, आठवण देण्याचे आणि पाठपुराव्याचे सर्व ओझे उपकेंद्रातील परिचारिका, बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर पडेल, आणि त्यांच्याकडे आधीच किती वह्या आहेत हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून नवी वही सुरू करण्यापूर्वी जुनी एखादी बंद करता येते का, हे आधी पाहावे.

आपल्या मागणीच्या अंदाजात पंचांगही घ्या, असे मी गंभीरपणे सांगते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी होते आणि चतुर्थीत कोणी फिरकत नाही. शिगम्याच्या दिवसांत आणि गावच्या जत्रेतही तसेच घडते. काजूच्या हंगामात बागायतीत गेलेली माणसे दुपारशिवाय मोकळी होत नाहीत. पावसाळ्यात ओहोळ भरला, रस्त्यावर झाड पडले किंवा कदंब बसची एक फेरी रद्द झाली तर त्या वाड्यावरचा रुग्ण आठवडाभर येऊ शकत नाही. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना जून ते सप्टेंबर या काळात दोन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. तसे ठरले तर मे महिन्यातील गरज जवळपास दुप्पट होईल. तेवढा साठा तेव्हा हाताशी असणे हेच खरे आपले काम.

इन्शुलिनबद्दल एक सूचना द्यायलाच हवी. न उघडलेली कुपी शीतकपाटात दोन ते आठ अंशांवर ठेवायची असते, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. वापरात असलेली कुपी थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. शीतकपाट नसलेल्या घरांत कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावी, असे आम्ही सांगतो आणि ते उपयोगी पडते. शीतकपाट असलेल्या घरात मात्र कौतुकाने वरच्या कप्प्यात, मासळीच्या पिशवीशेजारी ठेवलेले इन्शुलिन मी पाहिलेले आहे.

तांबडी माती

समुदाय वैद्यकशास्त्र हा माझा विषय आहे. वरील दोन्ही उत्तरांत डॉक्टरांचा उल्लेख आदराने आला आहे, पण तुटवड्याच्या कारणांत आम्हा डॉक्टरांचाही हात असतो, हे कोणी लिहिले नाही. ते मी लिहितो.

एकाच दवाखान्यात तीन डॉक्टर आळीपाळीने येतात आणि रक्तदाबासाठी प्रत्येक जण आपल्या सवयीचे वेगळे औषध लिहितो. औषधांची संख्या वाढली की प्रत्येकाचा खप लहान व अनियमित होतो, आणि लहान व अनियमित खपाचा अंदाज कोणत्याही गणिताने नीट बांधता येत नाही. आपण कंपनीत अनावश्यक वाण कमी करण्याचे काम केले असेल, तेच काम येथे उपचारपद्धतीच्या पातळीवर करावे लागते. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमके हेच केले. महाराष्ट्र, केरळ, पंजाब, मध्य प्रदेश आणि तेलंगणा या राज्यांतील निवडक जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली. ठराविक औषधे, ठराविक मात्रा आणि ठराविक टप्पे असलेली साधी उपचारपद्धती राज्यनिहाय निश्चित करण्यात आली, आणि औषधांची गरज मागच्या खपावरून न काढता नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवरून काढण्यात आली. २०० रुग्ण नोंदलेले आहेत, त्यांपैकी बहुतेक पहिल्या टप्प्यावर आहेत, काहींना दुसरे औषध लागते, म्हणजे अमुक गोळ्या लागतील, असा तो सरळ हिशेब आहे. माटोळी यांनी सांगितलेली दुरुस्ती जुन्या नोंदीसाठी आवश्यकच आहे, पण पुढच्या वर्षापासून आपण रुग्णसंख्येकडे वळावे.

ही उपचारपद्धती ठरवण्याचा अधिकार आपला नाही, परंतु ती ठरावी यासाठी डॉक्टरांना एकत्र बसवण्याचे काम आपणच करू शकता. चार विभागांना चर्चेला बसवण्याची जी कला आपण सांगितलीत, तिचा येथे सर्वांत मोठा उपयोग आहे. आम्हाला ‘तुम्ही चुकीचे लिहिता’ असे म्हटलेले खपत नाही. ‘या सहा महिन्यांत लिहिलेल्या रक्तदाबाच्या औषधांची ही यादी, त्यांपैकी ही कायम उपलब्ध ठेवता येतील आणि ही येणार नाहीत,’ असा कागद समोर आला तर बहुतेक जण स्वतःच यादी छोटी करतात.

फाटकाशी ठेवून यायची गोष्ट आपण विचारलीत. माझ्या मते ती म्हणजे साठा शक्य तितका कमी ठेवण्याचा आग्रह. कारखान्यात साठा म्हणजे अडकलेले भांडवल, म्हणून माल लागेल तेव्हाच यावा हे योग्यच होते. रोजच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि त्या नसण्याची किंमत रुग्ण शरीराने चुकवतो. येथे पुरवठा यायला लागणारा काळ अनिश्चित आहे. त्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली तर तो आणखी लांबतो. तेव्हा पुरवठ्याला सर्वसाधारणपणे जेवढा काळ लागतो तेवढ्याचा साठा आणि त्यावर किमान एका महिन्याची शिल्लक, एवढे तरी ठेवावे. महाग आणि क्वचित लागणाऱ्या औषधांना हा नियम लावू नये.

महाग औषधाचा विचार कसा करावा याचे उदाहरण गोव्यातच आहे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठीच्या स्टेमी उपक्रमात बांबोळीचे गोमेकॉ मध्यवर्ती केंद्र आहे आणि तालुक्यांतील रुग्णालये त्याला जोडलेली आहेत. तेथे काढलेला ईसीजी बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि त्यांच्या सल्ल्याने रक्ताची गाठ विरघळवणारे महाग इंजेक्शन तालुक्यातच दिले जाते. तज्ज्ञ एका जागी आणि औषध रुग्णाजवळ, अशी ही वाटणी आहे. बहुतेक व्यवस्थांत याच्या उलट घडते. औषध मध्यवर्ती जागी कुलूपबंद राहते आणि निर्णयाचा भार खालच्या एकट्या डॉक्टरवर पडतो.

ओहोळ

मी पूर्वी हॉटेल व्यवसायात भांडार आणि वाहतूक पाहत असे, आता फोंडा भागात रुग्णोपयोगी साहित्य विनामूल्य वापरायला देणाऱ्या एका गटाबरोबर काम करतो. वरील चर्चा सर्व औषधांची झाली. झुआरीकाठबाब, आपल्या संस्थेकडे अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत असे आपण लिहिले आहे, आणि त्यांच्या बाबतीत आपला अनुभव मला औषधांपेक्षाही अधिक मोलाचा वाटतो.

वर-खाली होणारी खाट, चाकांची खुर्ची, हवेची गादी, प्राणवायू तयार करणारे यंत्र या वस्तू देणे सोपे आहे. त्या परत येणे, स्वच्छ होणे, दुरुस्त होणे आणि पुढच्या घरी वेळेत पोहोचणे हे अवघड आहे. मुले परदेशात किंवा बोटीवर, घरात दोनच वृद्ध, अशी घरे गोव्यात कमी नाहीत. रुग्ण दगावल्यानंतर खाट परत मागायला कोणी आणि कधी जावे, हा प्रश्न वाहतुकीचा जितका आहे तितकाच माणुसकीचा आहे. आम्ही तेरावे होईपर्यंत विषय काढत नाही, ख्रिस्ती घरी महिन्याची प्रार्थना होऊ देतो, आणि मग ज्याने वस्तू पोहोचवली होती त्याच माणसाला भेटीसाठी पाठवतो. बहुतेक घरांतून वस्तू पुसून ठेवलेली मिळते, कित्येकदा सोबत देणगीही. प्राणवायूच्या यंत्राचे गाळण किती तासांनी बदलावे आणि वीज गेल्यास त्या घरात पर्यायी सोय काय, याची नोंद मात्र कडक ठेवावी लागते.

केरळात १९९३ साली कालिकतमध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेचे, म्हणजे दीर्घ आजारी रुग्णांचा त्रास हलका करण्याचे, काम सुरू झाले, त्यातून पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्वयंसेवी गटांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये त्या राज्याने या सेवेचे धोरणही जाहीर केले. डॉक्टर आणि परिचारिका त्या व्यवस्थेत आहेतच, पण रोजचे चाक गावातली माणसे फिरवतात. येथे माटोळीबाबांशी माझा थोडा मतभेद आहे. आधी मोजणी, मग बाकीचे, हा त्यांचा क्रम मला पटत नाही. सुरुवातीचे काही महिने आपण औषधांच्या खिडकीजवळ नुसते बसावे, पेट्या उचलायला मदत करावी, परिचारिकेबरोबर घरी जावे. हुद्दा नसलेल्या माणसाचे ऐकावे असे लोकांना का वाटावे, याचे उत्तर त्या दिवसांतच मिळते. पहिल्याच आठवड्यात वही घेऊन उभा राहिलेला निवृत्त साहेब लेखापरीक्षकच वाटतो.

झुआरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बारकोड आणि तापमानयंत्रे सध्या आराखड्यातून काढली आहेत. दवाखान्यात पूर्ण चिठ्ठी मिळालेल्या रुग्णांची नोंद सुरू करण्यास विश्वस्तांची संमती मिळाली आहे, आणि ती नोंद संस्थेची परिचारिका ठेवील, मी तिच्यासोबत बसेन. साहित्य परत येण्याच्या व्यवस्थेविषयी ओहोळबाबांना स्वतंत्रपणे लिहितो.

एक शंका उरते. आमच्या दवाखान्यातील तुटवड्याचा निम्मा भाग सरकारी केंद्रातील तुटवड्याशी जोडलेला आहे, कारण रुग्ण दोन्हीकडे जातात. केंद्राची साठा नोंदवही पाहायला मागणे योग्य ठरेल का? वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती ढवळाढवळ वाटली तर आज असलेला सलोखाही जाईल, अशी भीती वाटते.

माटोळी

ओहोळबाबांचा आक्षेप मान्य आहे. खिडकीजवळ बसूनही मोजता येते, एवढेच म्हणतो.

नोंदवही पाहायला मागू नका. ती सरकारी कागदपत्रे आहेत आणि बाहेरच्या माणसाने ती चाळणे कोणत्याही अधिकाऱ्याला रुचणार नाही. सरकारी साठ्यातील औषधे संस्थेकडे किंवा संस्थेची तिकडे वळवण्याचाही विषय काढू नका. लेखी आदेशाशिवाय ते करता येत नाही, आणि पुढे त्याचा त्रास केंद्रातल्या औषधनिर्मात्याला होतो. मागण्याऐवजी आधी द्यावे. आपल्याकडे आता रुग्णांची नोंद आहे. पुढच्या महिन्यात आपल्या भागातील किती रुग्णांच्या गोळ्या कोणत्या आठवड्यात संपणार, त्यांतील किती जण केंद्रात येण्याची शक्यता आहे, आणि त्यांना कोणती औषधे लागतील, याचा एक पानाचा तक्ता, रुग्णांची नावे न लिहिता, दर महिन्याच्या सुरुवातीला वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती द्या. सोबत औषधनिर्मात्यालाही एक प्रत द्या, आणि त्याला आधी दाखवूनच अधिकाऱ्यांकडे जा. तक्ता खरा ठरतो हे त्याने दोन-तीन महिने पाहिले की मागणीपत्र भरताना तो स्वतःच आपल्याला फोन करील.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती कार्यरत असेल तर तिच्या बैठकीत बसण्याची परवानगी सरपंचांकडून घ्या. तेथे पहिला विषय तुटवड्याचा काढू नका. बसच्या वेळेचा काढा. बाह्यरुग्ण विभाग ज्या वेळी बंद होतो त्याच्या आधी पोहोचेल अशी सकाळची फेरी आपल्या वाड्याला आहे का, हे विचारा. बस उशिरा पोहोचत असेल तर खिडकी बंद झालेली असते, आणि आत गोळ्या असूनही रुग्ण रिकामाच परततो. तो दिवस तुटवड्याच्या कोणत्याच नोंदीत येत नाही.